मासोळीले पाय फुटले ते पाण्यात का जमिनीवर? दहावीच्या पोरीनं अडकवलं

बोडीवाला

रामराम मंडळी. मी गावात संध्याकाळी दहावीच्या पोरायची ट्युशन घेतो, गणित विज्ञान दोन्ही, डिग्री माझी बीकॉमची हाय पण इथं दुसरं कोणी नाही म्हणून चालून जाते. सध्या आनुवंशिकता व उत्क्रांतीचा धडा चालू हाय. त्यात जोडणारे दुवे म्हणून पेरिपॅटस, डकबिल प्लॅटिपस अन लंगफिश देले हायेत. लंगफिश मासा असून फुफ्फुसानं श्वास घेते, म्हणून उभयचर माशांपासून आले, विषय संपला. मी पण तसाच संपवून पुढे जात होतो तर एक पोरगी उठून म्हणते, सर आमच्या बोडीतली मरळ पण तर वर येऊन हवा घेते, उन्हाळ्यात पाणी आटलं का चिखलात दबून राहते, मग तिले जोडणारा दुवा कावून म्हणत नाही? तिच्या बापाकडं तलावाचा ठेका हाय, मासोळीतलं तिले माझ्यापेक्षा जास्त समजते. मी म्हटलं उद्या सांगतो.

तर दुसऱ्या दिवशी एक पोट्टं दप्तरात तो पहिल्या पाण्याचा पिवळा मोठा बेंडूक घेऊन आलं (बेंडूक नंतर बोडीत सोडायले लावला, काळजी करू नका) अन सगळे मिळून त्याचे बोटं मोजून रायले. समोरच्या पायाले चार, मागच्याले पाच. आता झाला नवीन प्रश्न, का बेंडकापासून आपण आलो तर त्याले चार अन आपल्याले पाच कसे, एक बोट वाढलं का? अन बेंडूक जर मधली पायरी हाय तर तो अजून मधातच कावून बसला, पुढे कावून नाही गेला?

एक माझा स्वतःचा पण प्रश्न जोडून देतो. बेंडकाचं पिल्लू आधी मासोळीच असते, कल्ले, शेपटी, मग पाय येतात, मग शेपटी जाते. म्हणजे करोडो वर्षात जे झालं ते हे पोट्टं महिना दोन महिन्यात करून दाखवते असं म्हणता येईल का? शिकवायले तर एकदम झकास वाटते. जाणकारांनी सांगा, पण पोरायले समजन असं सांगा जी.

कपाशी_अन_कांदा

इकडं मिरग कोरडा चालला, सोयाबीनचं बियाणं घरात पडून हाय अन भंडाऱ्याकडं बेंडकाचे बोटं मोजणं चालू, मजा हाय बाप्पा तुमची.

आम्हाले बीएस्सीले सरांनी शिकवलं होतं ते सांगतो. डेव्होनियन काळात, म्हणजे साधारण ३६ ते ४२ कोटी वर्षांआधी, दुष्काळ पडे, डबके आटत, मग ज्या माशाचे पर मजबूत तो घसरत घसरत बाजूच्या डबक्यात जाये अन जगे, बाकीचे तिथंच तडफडून मरत. असं लाखो वर्षं चाललं अन पराचे पाय झाले. म्हणजे तुमची मरळच झाली की सरळसरळ. ती पण पावसात एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सरकत जाते, मी सोता पाह्यलं हाय. पोरगी बरोबर बोलून रायली, मार्क देऊन टाका.

प्राणीशास्त्र_चंद्रपूर

बोडीवाला सर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा, हा प्रश्न आमच्या कॉलेजात पण कोणी विचारत नाही. सगळ्याचं उत्तर देते, लांबेल जरा.

मरळ हवा घेते हे खरंच आहे, आणि तिला ती घ्यावीच लागते. जाळ्यात खालीच अडकून राहिली, वर येता आलं नाही तर पाण्यात असून गुदमरते, तिच्या वडिलांना विचारा. पण ही हवा फुफ्फुसात जात नाही. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथे ती हवा धरते. मांगूर पण हवा घेतो, त्याच्या डोक्यात त्याच भागात फांद्या फुटलेला वेगळाच अवयव असतो. लंगफिशची फुफ्फुसं मात्र अन्ननलिकेच्या खालच्या बाजूने फुटतात, गर्भात आपली फुटतात तिथूनच. काम तेच, पण मरळीने आपली सोय आपल्या घराण्यात, खूप नंतर, वेगळ्या जागी केली. आणि फुफ्फुस काही जमिनीसाठी तयार झालेलं नाही, ते पाय येण्याच्या कितीतरी आधीपासून माशांमध्ये होतं. रोहू कटल्याच्या पोटात जो हवेचा फुगा निघतो ना, वाताशय, तो त्या जुन्या फुफ्फुसाचाच बदललेला प्रकार आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. घरी रोहू किंवा मरळ साफ कराल तेव्हा छातीजवळचा पर मुळापासून कापून बघा. नुसत्या बारीक काड्या आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडी. पर हलवणारं मांस सगळं अंगात, परात काहीच नाही. लंगफिशचं आणि सीलाकँथचं (हा तो १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडलेला, डायनासोरांबरोबर संपला असं सगळे समजत होते) तसं नाही. त्यांच्या परात मांसल दांडा बाहेर आलेला असतो आणि त्या दांड्यात खांद्याला जोडलेलं एकच हाड. आता स्वतःचा हात चाचपून बघा, दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगटातली लहान लहान, मग बोटं. बेडूक, सरडा, कावळा, वटवाघूळ, बैल, सगळ्यांचा हिशेब हाच. बेडकाच्या हातात पुढची दोन हाडं जोडून एक झालेली दिसतात पण मधली खाच राहिलेली असते, डिसेक्शन चालू होतं तेव्हा आम्ही ती विद्यार्थ्यांना बोट लावून दाखवायचो. म्हणून मरळ कितीही चिखलात राहो, दुवा तिच्यातून जात नाही. लंगफिशमधून पण सरळ जात नाही, आजचा लंगफिश आपला पूर्वज नाही, पण जिवंत माशांमध्ये आपल्याला सगळ्यात जवळचा तोच आहे. सगळ्या जगात त्याच्या सहाच जाती उरल्यात, चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात.

तिसरं. मासा मग बेडूक मग सरडा मग माणूस ही शिडी पोरांच्या डोक्यातून आधी काढा. बेडूक आपला आजोबा नाही, चुलत घराण्यातला आहे. साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी एका घराच्या दोन वाटण्या झाल्या, एकीकडून आजचे उभयचर आले, दुसरीकडून सरपटणारे, पक्षी आणि आपण. वाटणी झाली म्हणून चुलत्याचं घर काही थांबून राहत नाही, ते पण तेवढीच वर्षं बदलत आलंय. आणि खरं सांगायचं तर बेडूक आपल्यापेक्षा कमी बदललेला नाही, त्याच्या छातीला बरगड्यांचा पिंजराच नाही, शेपटीची हाडं जुळून एक दांडी झाली, मागचे पाय उडीसाठी लांबले. मादागास्करला २५ कोटी वर्षांचा एक बेडूकसदृश प्राणी सापडलाय, ट्रायडोबॅट्रॅकस, त्याला आखूड शेपटी होती, पाठीचे मणके आजच्या बेडकापेक्षा जास्त होते आणि उडी मारायला तो अजून शिकला नव्हता. म्हणजे "अजून मधातच बसला" असं बेडकाला म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

कपाशी भाऊ, तुमच्या सरांनी सांगितलं ते त्या काळच्या पुस्तकात होतंच. अल्फ्रेड रोमर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाची ती कल्पना, आणि कल्पना मोठी सुंदर, पाय आले ते पाणी सोडायला नाही, पाण्यातच राहता यावं म्हणून, दुसरं डबकं गाठायला. पण नंतर जे जीवाश्म निघाले त्यांनी ती मोडली. १९८७ मध्ये जेनी क्लॅक या इंग्लंडच्या बाई पूर्व ग्रीनलंडला गेल्या आणि अकँथोस्टेगा नावाच्या प्राण्याचे भरपूर सांगाडे घेऊन आल्या, वय ३६ कोटींच्या वर. त्याला चार पाय, पायाला बोटं, आणि त्याच अंगात माशासारखे आतले कल्ले पण, शेपटीला रुंद पर पण. मनगट असं की अंगाचा भार पेलणार नाही. हा प्राणी जमिनीवर चालतच नव्हता. म्हणजे पाय आणि बोटं आधी पाण्यात आली, चालणं नंतर.

बोटांचं आणि टॅडपोलचं (बेडकाच्या पिल्लाचं) रात्री लिहिते, आत्ता प्रॅक्टिकल आहे.

बोडीवाला

मॅडम एक नंबर, वाटणीवालं पोरायले एका झटक्यात समजते, इथं घरोघरी वाटण्याच चालू हायेत. पण आता मलेच शंका हाय. चालायचं नव्हतं तर पाण्यात पाय कायले पाहिजे? मासोळी परानं मस्त पोहते ना. फुकटचा खर्च कोण करते.

शंकासुर

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. ग्रीनलंड, कॅनडा, मादागास्कर, सगळं तिकडंच कसं काय सापडते? अन प्रत्येक वेळी हाच तो दुवा म्हणून पेपरात येते, मग पाच वर्षानं दुसराच दुवा. आधी ठरवायचं का असं झालं असन अन मग हाडं सापडली का त्यात बसवायचे, असं नाही ना? आपल्याकडं, आपल्या विदर्भात दाखवा ना एखादं.

प्राणीशास्त्र_चंद्रपूर

आधी बोडीवाला सरांचं. तुमच्याकडच्या जुन्या बोडीत काठाशी किती गाळ, किती बेशरमाची झुडपं, किती कुजलेला पाला असतो ते डोळ्यासमोर आणा. डेव्होनियनच्या मध्यापासून पुढे पृथ्वीवर पहिल्यांदा मोठी झाडं, जंगलं उभी राहिली. त्यांच्या फांद्या पानं नद्यांच्या कडेच्या उथळ पाण्यात पडून कुजायची. अशा पाण्यात ऑक्सिजन कमी, गचपण जास्त, पोहायला जागा नाही, पण लहान मासे भरपूर आणि मोठ्या शिकाऱ्यांचं भ्या कमी. तिथे तळाला आधार घेऊन पुढे सरकणं, काटक्या बाजूला ढकलणं, डोकं वर काढून हवा घेणं, दबा धरून बसणं, या सगळ्याला लवचिक परापेक्षा ताठ, टेकवता येणारा अवयव बरा. एवढं डोक्यात घेतलं की पाय फुकटचा खर्च वाटत नाही. अर्थात कारण नेमकं कोणतं किती, यावर वाद चालूच आहेत. २०१७ मध्ये एका अमेरिकन गटाने या प्राण्यांच्या कवट्यांमधली डोळ्यांची खोबण मोजली, तर जमिनीवर यायच्या आधीच डोळे जवळजवळ तिप्पट मोठे झालेले आणि डोक्यावर सरकलेले निघाले. गढूळ पाण्यात मोठ्या डोळ्याचा उपयोग कमी, हवेत लांबवरचं दिसतं. म्हणजे हे लोक पाण्यात अंग ठेवून काठावर नजर ठेवत असावेत, काठावर तेव्हा किडे गोम शतपाद मुबलक होते आणि खाणारं कोणी नव्हतं.

आता शंकासुर भाऊ. आधी ठरवलं होतं हे खरंय, पण उलट्या अर्थाने. परात हाडं असलेला युस्थेनोप्टेरॉन कॅनडात क्वेबेकला सापडतो, साधारण ३८ कोटी वर्षांचा, तो पक्का मासा. पायवाले ३६ कोटींच्या आसपासचे. मग नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स यांनी हिशेब केला की मधल्या वयाचा, नदीच्या गाळाचा खडक उघडा कुठे आहे ते शोधायचं. नकाशावर कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाचं एल्समीअर बेट निघालं. १९९९ पासून त्या भागात उन्हाळ्या-उन्हाळ्याला जाऊन शोधलं, २००४ मध्ये टिकटालिक नावाचा प्राणी मिळाला, २००६ मध्ये छापून आला. वय ३७.५ कोटी. खवले, कल्ले, पराच्या काड्या माशाच्या, पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला, बरगड्या मजबूत, परात खांदा-कोपर-मनगट. आणि मान! माशाला मान नसते, त्याचं डोकं खांद्याच्या हाडांना जोडलेलं असतं आणि कल्ल्यांवर झाकण असतं. टिकटालिकचं ते झाकण गेलेलं, डोकं मोकळं वळत होतं. हाडं सापडल्यावर गोष्ट रचली म्हणता, इथे तर गोष्टीवरून हाडं कुठे मिळतील ते सांगितलं आणि तिथे मिळाली. यापेक्षा कडक परीक्षा कोणती घ्यायची?

पण टिकटालिक म्हणजे "तोच तो बाप" असं मी पण म्हणणार नाही. २०१० मध्ये पोलंडच्या झाहेल्मिये खाणीतून पायांचे ठसे छापून आले, वय ३९ कोटींच्या आसपास, टिकटालिकपेक्षा जुने. ते ठसे पायांचेच असतील तर पायवाले तेव्हाच कुठेतरी होते आणि टिकटालिक हा मागे राहिलेल्या जुन्या वळणाचा नमुना ठरतो. काही जण म्हणतात ते ठसे नाहीत, माशांनी तळ उकरल्याच्या खुणा आहेत. मला स्वतःला ठसे पटतात, पण हाड मिळत नाही तोवर भांडण मिटणार नाही. पेपरवाले "दुवा सापडला" म्हणतात तिथे घोळ होतो. सापडतं ते घराणं कोणत्या क्रमाने बदललं ते, नेमका खापरपणजा कोण हे दगडातून कधीच कळत नाही.

खदान_वणी

विदर्भाचं मी सांगतो, मी कोळशाच्या खाणीत सर्व्हेला हाय, दगडाशीच काम.

डेव्होनियनचा खडक आपल्याकडं नाहीच हो. खालचे जुने खडक फार जुने, त्यात हाडवाला प्राणीच नाही. वरून गोंडवानाचा थर, ज्यात आपला चंद्रपूर वणी उमरेडचा कोळसा हाय, तो परमियन काळातला, म्हणजे पाय येऊन सात-आठ कोटी वर्षं होऊन गेल्यावरचा. मधातला पानच फाटलेला हाय. अन पश्चिमेकडं अमरावती अकोला बुलढाणा तर सगळा काळा दगड, दक्खनचा लाव्हा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. तिथं टिकटालिक शोधत बसलं तर जन्म जाईन. जिथं पान हाय तिथंच वाचता येते, म्हणून ग्रीनलंड अन कॅनडा.

पण नंतरचं हाय ना आपल्याकडं, अन नुसतं हाय नाही तर जगात पहिल्या काही सापडलेल्यात हाय. नागपूरच्या दक्षिणेले वर्धा खोऱ्यात मांगली म्हणून गाव हाय. तिथल्या वाळूच्या लाल दगडातून स्टीफन हिस्लॉप अन रॉबर्ट हंटर या नागपूरच्या मिशनऱ्यांना एक कवटी भेटली. हो तेच हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज हाय. त्यांनी ती लंडनले पाठवली अन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचं वर्णन छापलं, नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. हा तोच ओवेन ज्यानं डायनासोर हे नाव काढलं. कवटी चपटी, रुंद, तोंडाकडं आखूड, डोळ्याच्या खाचा वर अन समोर. पाण्याच्या तळाशी पडून राहणारा, तोंड उघडून गपकन गिळणारा प्राणी. वय २५ कोटींच्या आसपास. अशा प्राण्यांच्या सगळ्या घराण्याले आता ब्रॅकिऑपिड म्हणतात, ते ऑस्ट्रेलिया आफ्रिकेत पण सापडतात, म्हणजे जगभरच्या घराण्याचं नाव आपल्या मांगलीच्या कवटीवरून पडलं. अन आमच्या पोट्ट्यायले टी-रेक्स माहीत हाय, ब्रॅकिऑप्स माहीत नाही. असो.

प्राणहिता ओलांडून तेलंगणात गेलं का मालेरीचे लाल थर लागतात, सिरोंच्याच्या बाजूलेच समजा. तिथं मेटोपोसॉर म्हणून भले मोठे चपट्या डोक्याचे उभयचर निघाले, ट्रायासिकचे, म्हणजे परमियनच्या नंतरच्या काळातले. अन खरा लहान बेंडूक पाहिजे असन तर मुंबईले वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातला, त्याचं पण वर्णन ओवेननंच केलं १८४७ मध्ये. आता त्याले इंडोबॅट्रॅकस म्हणतात.

शंकासुर

हे माहीत नव्हतं, मांगलीचं. मांगलीले जाऊन पाहता येते का काही?

खदान_वणी

पाहायले काही नाही, साधं गाव अन वावरं हायेत. कवटी लंडनच्या म्युझियमात. इथं एक पाटी लावली असती तरी पोरं थांबून वाचले असते, पण कोण लावते.

प्राणीशास्त्र_चंद्रपूर

खदान भाऊंनी काम केलं माझं. हे मांगलीचे आणि मालेरीचे प्राणी टेम्नोस्पॉन्डिल नावाच्या मोठ्या गटातले, आणि आजचे बेडूक त्याच गटाच्या एका लहान शरीराच्या फांदीतून आले असं आज बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे बोडीवाला सरांच्या पोरांनी मोजलेला बेडूक आणि ती कवटी एकाच भावकीतली.

आता बोटं. आपल्याला वाटतं पाच हा मूळ आकडा आणि बेडकाने एक घालवलं. सुरुवात पाचापासून झालीच नाही. अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटं. त्याच्याच शेजारी ग्रीनलंडला सापडलेल्या इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात. रशियातल्या ट्युलरपेटॉनला सहा. १९९० मध्ये क्लॅक आणि मायकेल कोट्स यांनी हे छापलं तेव्हा खूप लोकांची पाठ्यपुस्तकं एका दिवसात जुनी झाली, कारण तोवर सगळे मूळ पाच धरूनच चालले होते. वल्हवायला आठ काय नि सात काय, काही बिघडत नाही. जमिनीवर भार टाकून चालायचं म्हटलं की घोटा, मनगट नीट पाहिजे, पाऊल पुढे वळलेलं पाहिजे. स्कॉटलंडला सापडलेल्या पेडर्पेस नावाच्या प्राण्यामध्ये, साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी, पाऊल पुढे वळलेलं पहिल्यांदा दिसतं. त्याच सुमाराला आकडा पाचावर येऊन थांबला आणि त्यापुढे बहुतेक घराण्यांत कमीच होत गेला. बेडकाच्या भावकीत पुढे चार, गाईबैलाला दोन, घोड्याला एक. आपण जुना आकडा धरून बसलेले आहोत, बेडकाचा नवीन आहे. हे मुलांना सांगा, त्यांना मजा वाटेल की हाताच्या बाबतीत बेडूक आपल्यापेक्षा "मॉडर्न".

बोटं कुठून आली याचं उत्तर दगडात अर्धंच आहे, उरलेलं जनुकात. हॉक्स १३ म्हणून जनुकं आहेत, उंदरात ती बंद पाडली की पंजा बनतच नाही. २०१६ मध्ये शुबिन यांच्याच प्रयोगशाळेत झेब्राफिश नावाच्या छोट्या माशात ती बंद पाडली तर पराच्या टोकाच्या काड्या गेल्या आणि मुळाशी लहान हाडं वाढली. म्हणजे माशाच्या पराचं टोक आणि आपलं बोट घडवणारी हत्यारं तीच आहेत, मासोळीला बोटं नव्यानं शोधून काढावी लागली नाहीत.

टॅडपोलचं मात्र सर, तसं शिकवू नका, झकास वाटलं तरी. गर्भ आपल्या पूर्वजांची गोष्ट पुन्हा करतो हे हेकेल यांचं एकोणिसाव्या शतकातलं म्हणणं, ते तसंच्या तसं टिकलं नाही. टॅडपोल कधीच कुठल्या जुन्या माशाचा नमुना नव्हता. त्याचं तोंड बघा, शिंगासारखी चोच आणि शेवाळ खरवडायचे बारीक दात, पोटात लांबलचक वेटोळं आतडं, पारदर्शक कातडीतून दिसतंसुद्धा. युस्थेनोप्टेरॉन पक्का शिकारी होता, शेवाळ खाणारा नाही. टॅडपोल ही बेडकाने डबक्यासाठी स्वतः काढलेली सोय आहे. शिवाय टॅडपोलचे मागचे पाय आधी दिसतात, पुढचे कल्ल्याच्या झाकणाखाली लपून वाढतात आणि एक दिवस अचानक बाहेर येतात. सॅलमँडरच्या (शेपटीवाल्या उभयचराच्या) पिल्लात उलटं, पुढचे आधी. इतिहासाची नक्कल असती तर दोघांचा क्रम एकच असायला हवा होता. आणि पश्चिम घाटातल्या बऱ्याच झुडपी बेडकांना तर टॅडपोलच नाही, अंड्यातून सरळ एवढासा बेडूक निघतो.

कल्ल्यांवरून फुफ्फुसावर जाणं, शेपूट शोषून घेणं, एका प्राण्याला दोन्ही जगात राहता येतं हे दाखवायला टॅडपोल उत्तम आहे. तेवढंच म्हणा. आणि बेडूक श्वास कसा घेतो ते नक्की दाखवा. त्याच्या गळ्याची खालची कातडी सारखी वरखाली होते ना, तो तोंडात हवा घेऊन ती आत ढकलतो, आपल्यासारखी छाती फुगवून ओढत नाही. लंगफिश पण तसाच ढकलतो. पोरांनी एक हात स्वतःच्या छातीवर ठेवून बेडकाकडे बघितलं की फरक लगेच कळतो.

कपाशी_अन_कांदा

म्हणजे आमच्या सरांनी शिकवलं ते वाया गेलं. डबकं आटायचं ऐकून आमच्या गावच्या तलावाचाच सीन डोळ्यासमोर येत होता, छान होतं बापा ते. बरं तो पिवळा बेंडूक पकडून वर्गात ठेवला तर चालते का?

प्राणीशास्त्र_चंद्रपूर

नका ठेवू. तो मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. एके काळी त्याच्या तंगड्या परदेशी पाठवायचा धंदा जोरात होता, १९८७ मध्ये निर्यात बंद झाली. आणि पिवळा रंग फक्त नरांचा, तो पण जोडीच्या काळातच, मग उतरतो, पकडून ठेवून दाखवायचं ते राहणारच नाही. पोरांना घेऊन बोडीच्या काठावर जा. टॅडपोल पण डबक्यातच बघा, मागचे पाय आलेला आणि चारही आलेला असे दोन्ही एकाच डबक्यात दिसतात.

बोडीवाला

मॅडम, खदान भाऊ, आभारी हाय. आज वर्गात घेतलं. मरळीचा पर अन डोकं त्या पोरीनं घरूनच आणलं होतं, कल्ल्याच्या वरची पोकळी तिनंच काडीनं उकलून दाखवली सगळ्यांले. आता एकच उरलं, एक पोट्टं म्हणते का चार पायवाले म्हणता तर मग साप कशात टाकायचा, त्याले तर एक पण पाय नाही.

प्राणीशास्त्र_चंद्रपूर

चतुष्पादातच. तो पायवाल्यांच्या घराण्यातून आला, पाय नंतर गेले. कोकणात आणि घाटात मातीत सापडणारं देवगांडूळ पण तसंच, ते गांडूळ नाही, बिनपायाचं उभयचर आहे. सापाचा पुरावा पाहिजे असेल तर सर्पमित्राने अजगर पकडला असेल तेव्हा शेपटीच्या सुरुवातीला, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बघा, एकेक आखूड नख दिसतं, नराचं जरा मोठं. ते मागच्या पायाचं उरलेलं टोक, आत त्याची लहान हाडं पण असतात. लांबून बघा, हात लावायला पोरांना पुढे करू नका.